धूर तेथे पुरावा : रोटरी इंजिन, घरी बांधलेले विमान आणि एका दुर्लक्षित नळीचा इतिहास

१/
विमानाचा इतिहास म्हटला की पंख आठवतात, वैमानिक आठवतो, पहिल्या उड्डाणाची तारीख आठवते. इंजिनातील जळलेला वायू बाहेर नेणारी नळी मात्र कोणालाच आठवत नाही. पुस्तकांत तिला एक्झॉस्ट म्हणतात. आपल्या गॅरेजांत त्या अख्ख्या नळीला सरसकट ‘सायलेन्सर’ हेच नाव आहे. आजचा धागा या सायलेन्सरचा आहे. त्यातही अशा विमानाच्या सायलेन्सरचा, जे एखाद्याने स्वतःच्या घरी बांधले आहे आणि ज्यात रोटरी इंजिन बसवायचे आहे. वाटेत ठाणे, मुंबई बंदर, अहमदनगर, कांदिवली ही आपल्या ओळखीची ठिकाणे येतील. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

२/
आरंभ ठाण्यापासूनच करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्यास पोहोचली. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित प्रवासी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने. हे आकडे आपण शाळेपासून पाठ केलेले आहेत. स्थानकाच्या पूर्वेला कोपरीत राहणाऱ्या आम्हां लोकांना तर हा लोहमार्ग म्हणजे घराचे अंगणच. परंतु त्या दिवशी ठाण्याने आणखी एक गोष्ट पाहिली, तिची नोंद आपण घेत नाही. ती गोष्ट इंजिनाच्या धुराड्यात होती.

३/
वाफेने पिस्टन ढकलल्यावर तिचे काम संपते. अशी वापरलेली वाफ हवेत सोडून देता आली असती. पण अभियंत्यांनी ती एका निमुळत्या तोंडाच्या नळीतून धुराड्यात वर फेकली. वेगाने वर जाणारी वाफ स्वतःबरोबर धूर ओढून नेई, त्यामुळे भट्टीत ताजी हवा खेचली जाई आणि निखारे अधिक फुलत. इंजिन जितके जोरात धावेल, तितकी भट्टी आपोआप पेटेल. आगगाडीचा तो ओळखीचा ‘भक्-भक्’ आवाज याच नळीचा. टाकाऊ वाफेला पुन्हा कामाला लावणारी ही युक्ती नसती, तर एवढ्या लहान बॉयलरमधून एवढी शक्ती मिळाली नसती.

४/
म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा वायू हा केवळ कचरा नसतो. त्यात उष्णता असते, वेग असतो, आवाज असतो आणि विषही असते. प्रत्येक काळातील इंजिन बांधणाऱ्याला चार प्रश्न सोडवावे लागले : हा वायू न्यायचा कुठे? त्याचा आवाज कसा दाबायचा? त्याची उष्णता सोसणारा धातू कोणता? आणि जवळ बसलेल्या माणसाला त्यापासून वाचवायचे कसे? या चार प्रश्नांची उत्तरे पाहत गेलो, तर विमानाचा एक वेगळा इतिहास हाती लागतो.

५/
पुढे जाण्यापूर्वी एक घोटाळा निस्तरू. ‘रोटरी इंजिन’ या एकाच नावाची दोन अगदी वेगळी यंत्रे आहेत. पहिले १९०८ च्या सुमारास फ्रान्समध्ये आले. त्यात अख्खे इंजिनच गरगर फिरे. दुसरे १९५७ मध्ये जर्मनीत प्रथम सुरू झाले. त्यात बाहेरचे घर स्थिर असते आणि आत तिकोनी रोटर फिरतो. दोघांचे एकमेकांशी काही नाते नाही. पण गंमत अशी, की दोघांनाही सर्वाधिक छळले ते धुराच्या वाटेनेच.

६/
पहिले यंत्र : नोम. लुई आणि लोरां सेगँ या बंधूंनी ते घडवले. सात सिलिंडर, ५० अश्वशक्ती, वजन सुमारे ७५ किलो. त्या काळची मोटारीची इंजिने जड असत आणि त्यांना थंड ठेवायला पाणी लागे. सेगँ बंधूंनी उलटा विचार केला. क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बांधला आणि सिलिंडरच प्रोपेलरबरोबर फिरवले. फिरणारे सिलिंडर वाऱ्यावर आपोआप थंड होत. ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रँस येथील विमान मेळ्यात आंरी फार्मां याने याच इंजिनावर १८० किलोमीटर उडून अंतराचे पारितोषिक जिंकले आणि नोमचा बोलबाला झाला.

७/
आता पहिला प्रश्न विचारा : धूर न्यायचा कुठे? सिलिंडरच मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेत असतील, तर त्याला नळी जोडणार कशी? नळी जोडलीच नाही. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरची झडप उघडे आणि जळता वायू थेट हवेत फेकला जाई. इंजिनाभोवती पत्र्याचे कडे असे; ते खालच्या बाजूस उघडे ठेवत, म्हणजे धूर आणि तेल विमानाच्या पोटाखालून निघून जावे. सायलेन्सर नाही, नळी नाही, फक्त एक वाकवलेला पत्रा. एवढीच त्या इंजिनाची निष्कास-व्यवस्था.

८/
धुराबरोबर तेल का जाई? या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून इंजिनाच्या पोटात येई. साधे खनिज तेल त्या पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होई आणि वंगणाचे काम सोडून देई. पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारे, उष्णतेत टिकणारे एक तेल मात्र जगाला ठाऊक होते. आपल्या आजीच्या फडताळात त्याची बाटली असे. एरंडेल!

९/
हे एरंडेल एकदा इंजिनात गेले की परत येत नसे. तासाला कित्येक लिटर तेल सिलिंडरमधून बाहेर फेकले जाई. पंखांवर, पत्र्यावर, वैमानिकाच्या चष्म्यावर त्याचा थर बसे. तोंडावर लोकरीचा गळपट्टा बांधूनही ते नाकातोंडात जाई. एरंडेल पोटात गेल्यावर काय होते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांच्या आठवणींत या पोटाच्या त्रासाचे उल्लेख येतात. शत्रूच्या गोळीइतकीच स्वतःच्या इंजिनाच्या धुराची धास्ती बाळगावी लागे.

१०/
आता या तेलाचा नकाशा पाहा. एरंडीच्या बियांचा मोठा पुरवठादार म्हणजे हिंदुस्थान, आणि त्यांच्या निर्यातीचे मोठे दार म्हणजे मुंबई बंदर. युद्ध वाढले तशी विमानांसाठी एरंडेलाची मागणी वाढली. अमेरिकेने १९१८ मध्ये आशियातून बी मागवून स्वतःच्या देशात १ लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर एरंड लावण्याचे करार केले. मराठीत निष्फळ चर्चेला आपण ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतो. त्या काही वर्षांत मात्र खरोखरच एरंडाची गुऱ्हाळे जगभर चालली आणि त्यांतून विमाने उडाली.

११/
धुराची वाट चुकली तर काय होते, याचाही धडा याच इंजिनाने दिला. वेग कमी करण्यासाठी वैमानिक काही क्षण ठिणगी बंद करीत. इंजिन फिरतच राही. न जळलेले पेट्रोल झडपेतून बाहेर येऊन पत्र्याच्या कड्यात साचे. ठिणगी पुन्हा सुरू झाली की पहिल्या ज्वाळेने ते साठलेले पेट्रोल पेटण्याचा धोका असे. म्हणून काही विमानांवर हे कडे अधिक कापून मोकळे ठेवले गेले. तो पत्रा किती वाकवायचा आणि कुठे कापायचा, हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

१२/
या युद्धात हिंदी वैमानिकही होते. सरदार हरदितसिंग मलिक यांनी रोटरी इंजिनाचे सॉपविथ कॅमल चालवले. मुंबईचे श्रीकृष्ण चंदा वेलिणकर हे सॉपविथ डॉल्फिन उडवीत आणि जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर त्यांना वीरमरण आले. एकाच सॉपविथ कंपनीची ही दोन विमाने. पण डॉल्फिनमध्ये पाण्याने थंड होणारे, जागेवर स्थिर असलेले हिस्पानो-सुइझा इंजिन होते. स्थिर इंजिनाला नळी जोडता येते. धूर हवा तिकडे वळवता येतो. बदल कोणत्या दिशेने होत होता, हे या दोन विमानांतच दिसते.

१३/
युद्ध संपले तसे फिरते इंजिनही संपले. फेरे वाढवले की सिलिंडरांना हवेचाच अडथळा होई. तेल पाण्यासारखे लागे. फिरत्या वजनामुळे विमान एका बाजूला चटकन आणि दुसऱ्या बाजूला नाखुशीने वळे. शिवाय धुराला वाट देता येत नव्हती. पुढच्या पिढीने सिलिंडर वर्तुळातच ठेवले, पण स्थिर केले आणि त्यांच्या धुरासाठी गोल नळी जोडली. दुसऱ्या महायुद्धात तर मर्लिन इंजिनाच्या आखूड नळ्या मागे वळवून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताने विमानाला थोडे पुढे ढकलण्याचे कामही करून घेतले. १८५३ च्या धुराड्याची युक्ती नव्या रूपात परतली होती.

१४/
आता दुसरे रोटरी इंजिन. फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन संशोधकाची ही कल्पना; एन.एस.यू. कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ रोजी पहिला नमुना चालला. आपण आज ओळखतो ती सोपी रचना त्याच कंपनीतील अभियंता हान्स डीटर पाश्के यांची. मधोमध किंचित दबलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. प्रत्येक कप्पा फिरता फिरता हवा घेतो, दाबतो, जाळतो आणि बाहेर टाकतो.

१५/
पिस्टन वरखाली होत नाही, म्हणून हादरे कमी. झडपा नाहीत, म्हणून फिरते भाग मोजकेच. वजन कमी, आकार लहान. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ मध्ये कॉस्मो ही दोन रोटरांची मोटार बाजारात आणली आणि १९९१ मध्ये चार रोटरांच्या मोटारीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. हलके, गुळगुळीत, साधे इंजिन! घरी विमान बांधणाऱ्यांचे लक्ष तिकडे गेले नसते तरच नवल.

१६/
पण झडप नाही याचा एक परिणाम धुराच्या वाटेवर होतो. नेहमीच्या इंजिनात झडप हळूहळू उचलली जाते आणि दाब क्रमाने सुटतो. वांकेलमध्ये रोटरचे टोक भिंतीतील भोकावरून सरकते आणि वाट जवळजवळ एकदम मोकळी होते. कुकरची शिटी हळूच उचलणे आणि एकदम काढून टाकणे यांत जो फरक, तोच येथे. त्यामुळे प्रत्येक वेळी दाबाचा एक तीव्र तडाखा नळीत बसतो. रोटरीचा कर्कश, फाटलेल्या कापडासारखा आवाज येतो तो यामुळे.

१७/
असे तडाखे किती? हिशेब सोपा आहे. प्रत्येक रोटर शाफ्टच्या एका फेऱ्यामागे एकदा धूर सोडतो. दोन रोटर आणि मिनिटाला ६,००० फेरे असतील, तर मिनिटाला १२,००० म्हणजे सेकंदाला २०० तडाखे. छोट्या विमानातील नेहमीचे चार सिलिंडरचे इंजिन २,७०० फेऱ्यांवर सेकंदाला ९० वेळा धूर सोडते. म्हणजे रोटरीची नळी दुपटीहून अधिक वेळा आणि प्रत्येक वेळी अधिक जोराने ठोकली जाते. पातळ पत्र्याच्या डब्याचे काय होईल, कल्पना करा.

१८/
दुसरा परिणाम उष्णतेचा. वांकेलची जळणाची जागा लांबट आणि चपटी असते. ज्योत तिच्या कोपऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचत नाही. थोडे इंधन उशिरा जळते, थोडे न जळताच बाहेर येते आणि नळीत पेट घेते. पूर्ण शक्तीवर वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. माझदाने १९७० च्या दशकात याच दोषाचा उपयोग करून घेतला : नळीच्या तोंडाशीच एक भट्टी बसवून उरलेले इंधन तेथे जाळले, म्हणजे धूर स्वच्छ होईल. धूर सुधारला, पण इंधन जास्तच लागे. १९७३ च्या तेलसंकटात त्याची किंमत कंपनीला मोजावी लागली.

१९/
आता महाराष्ट्रात येऊ. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) संरक्षण संशोधन संघटनेची वाहन संशोधन संस्था आहे. रणगाडे आणि लष्करी वाहनांसाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थेचा वाटा एका वांकेल इंजिनातही आहे. बंगळुरूची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा आणि वैमानिकी विकास संस्था यांच्या सोबतीने तिने ‘निशांत’ या मानवरहित टेहळणी विमानासाठी भारतीय बनावटीचे पहिले वांकेल इंजिन घडवले. वजन सुमारे ३० किलो, शक्ती ५५ अश्व. २००९ मध्ये कर्नाटकातील कोलारजवळ त्याने निशांतला आकाशात नेले.

२०/
आकडे शेजारी ठेवून पाहा. १९०९ च्या नोमला एका किलोमागे अश्वशक्तीचा दोन-तृतीयांश भाग मिळे. या इंजिनाला एका किलोमागे सुमारे १.८ अश्वशक्ती मिळाली. शंभर वर्षांचे धातुशास्त्र या दोन आकड्यांत सामावले आहे. रोटर जिच्यावर घासत जातो त्या ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप द्यावा लागतो. तो बंगळुरूच्या प्रयोगशाळेने विकसित केला. निशांतमध्ये इंजिन मागच्या बाजूस आणि कॅमेरे पुढे. गरम धूर यंत्रांपासून दूर मागे जावा, यासाठी ही मांडणी सोयीची.

२१/
कथेचा शेवट मात्र गोड नाही. सेनेला मिळालेली चार निशांत विमाने अपघातांत गमावली गेली आणि २०१५ मध्ये सेनेने तो नाद सोडला. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक गोष्ट टिपावी : या प्रकल्पाचे यशही नोंदलेले आहे आणि अपयशही. इंजिनाचे वजन, शक्ती, चाचणीचे ठिकाण, करणाऱ्या संस्था, पडलेली विमाने. सारे कागदावर आहे. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागेल.

२२/
आता समजा, कोणी घरी विमान बांधत आहे आणि माझदाचे दोन रोटरांचे जुने इंजिन त्याच्या हाती आहे. त्याने सायलेन्सर कसा आखावा? प्रथम उष्णतेचा हिशेब. इंधनातील साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकावर वा प्रोपेलरवर मिळते आणि जवळजवळ तितकीच नळीतून निघून जाते. १५० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ११२ किलोवॉट. तेव्हा नळीतूनही शंभराहून अधिक किलोवॉट उष्णता जाणार. २ किलोवॉटचे पन्नास गीझर एकदम चालू केल्यासारखेच हे. आणि ही सारी उष्णता एका हाताच्या अंतरातून, लाकूड, फायबर आणि ॲल्युमिनियमच्या शेजारून न्यायची आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते; फायबरला धरून ठेवणारी राळ त्याच्या कितीतरी आधी, शंभर अंशांच्या आसपासच, मऊ पडू लागते.

२३/
दुसरे, धातूची निवड. मोटारसायकलच्या दुकानातील साध्या लोखंडाचा सायलेन्सर येथे काही तासांतच पापुद्रे सोडून फाटेल. म्हणून टायटॅनियमचा अंश असलेले ३२१ जातीचे स्टेनलेस स्टील वापरतात. जेथे तडाखा सर्वांत मोठा, तेथे निकेलप्रधान इन्कोनेल. ते महाग असते आणि वेल्डिंगलाही अवघड. वेल्डिंग करताना नळीच्या आतल्या बाजूने ऑरगॉन वायू भरावा लागतो. नाहीतर सांध्याच्या आत धातू जळून खडबडीत होतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. बाहेरून सांधा सुंदर दिसतो, आतून तो आधीच मेलेला असतो.

२४/
तिसरे, प्रसरण. स्टेनलेसची एक मीटर लांब नळी ८०० अंशांनी तापली, तर ती सुमारे १४ मिलिमीटरने वाढते. रूळ उन्हात वाढतात म्हणून त्यांच्यात फट ठेवतात, हे आपण शाळेत शिकलो. तोच नियम येथे लागू. नळीची दोन्ही टोके घट्ट आवळली, तर ती स्वतःलाच वाकवून तडकेल. म्हणून तिचे तुकडे एकमेकांत सरकणाऱ्या किंवा वाटीत गोळा फिरावा तशा सांध्यांनी जोडतात. शिवाय नळीचा भार इंजिनावरच टांगावा. इंजिन रबरी आधारांवर हलत असते, विमानाचा सांगाडा स्थिर असतो. नळी दोघांना बांधली, तर पहिला बळी तिचाच.

२५/
चौथे, आवाज. सायलेन्सरचा डबा मोठा केला तर आवाज मऊ होतो, पण वजन वाढते. आत फार अडथळे घातले तर वायू अडतो आणि मागे दाब वाढतो. काही रोटरी इंजिनांत हवा येण्याची आणि धूर जाण्याची वाट काही क्षण एकाच वेळी उघडी असते. मागे दाब वाढला की जळलेला वायू परत आत शिरतो आणि शक्ती घटते. लॉकहीड कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्यू-स्टार या जवळजवळ निःशब्द टेहळणी विमानात वांकेल इंजिन वापरून पाहिले होते. म्हणजे हे कर्कश इंजिनही शांत करता येते. मात्र त्यासाठी जागा, वजन आणि हळू फिरणारा मोठा प्रोपेलर द्यावा लागतो. फुकट काहीच नाही.

२६/
पाचवे आणि सर्वांत गंभीर : माणूस. हिवाळ्यात बैठकीची जागा गरम ठेवण्यासाठी अनेक छोट्या विमानांत नळीभोवती पत्र्याचे आवरण घालून त्यातून हवा आत सोडतात. नळीला केसाएवढी चीर पडली, तरी त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही. वैमानिकाला आधी डोके जड वाटते, मग निर्णय चुकू लागतात आणि चुकताहेत हे त्याला कळत नाही. दुसरीकडे, चिरेतून सुटलेला झोत शेजारच्या इंधनाच्या नळीवर पडला, तर तो गॅसकटरसारखे काम करतो. म्हणून विषारी वायूची सूचना देणारे यंत्र, तापमानमापक आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी बॅटरी हाती धरून सांध्यांची पाहणी, हे या विमानाचे नित्यकर्म.

२७/
‘पण आपल्याकडे घरी विमान बांधतो कोण?’ असे कोणी विचारेल. उत्तर ठाण्याहून फार दूर नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी झाली. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत चार वर्षे! त्या वर्षांचा मोठा भाग कागद, तपासण्या आणि परवानग्यांचा होता.

२८/
तरुणांना हा विलंब संतापजनक वाटतो आणि त्यात तथ्य आहे. घरी विमान बांधणाऱ्याला मार्ग दाखवणारी सुटसुटीत व्यवस्था असती, तर किती हात पुढे आले असते! अमेरिकेत १९५३ पासून अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना आहे; तेथे चुकाही वाटून घेतल्या जातात, फाटलेले सायलेन्सरही एकमेकांना दाखवले जातात. पण तपासणीचे मूल्यही विसरू नये. वरच्या २३ ते २६ क्रमांकांतील प्रत्येक नियम कोणाच्या तरी तडकलेल्या नळीतून आला आहे.

२९/
आता शेवटचा मुद्दा. तो टाळता येत नाही. विमानावर काही लिहिले की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ उडवले, अशी कथा सांगितली जाते. २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर भाषण झाले आणि वाद पेटला. त्याच वर्षी तळपदे यांच्यावर चित्रपटही आला. या उड्डाणाचा पडताळून पाहता येईल असा समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. कथेला जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा अभ्यास १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.

३०/
आपल्या नैयायिकांचे आवडते उदाहरण होते : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. लोकही म्हणतात, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. इतिहासाची पद्धत याहून वेगळी नाही. खरे यंत्र आपल्यामागे धूर सोडतेच : फुटलेले सिलिंडर, एरंडेलाची बिले, तेलाने माखलेले गळपट्टे, तडकलेल्या नळ्या, नाकारलेले अर्ज, पडलेली विमाने. नोमचा असा धूर आहे. अहमदनगरच्या इंजिनाचा आहे. कांदिवलीच्या गच्चीचाही आहे. चौपाटीच्या कथेत उड्डाण आहे, जयजयकार आहे. पण त्या यंत्राची उष्णता कोठे गेली, त्याचा कोणता भाग जळला, दुसऱ्या दिवशी काय दुरुस्त करावे लागले, याचा मागमूस नाही.

३१/
हे तळपदे यांचा अधिक्षेप करण्यासाठी लिहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मुंबईत आकाशाचे स्वप्न पाहणारा माणूस कुतूहलाचाच विषय आहे, आणि त्याचा खरा इतिहास शोधला जाणे हाच त्याचा सन्मान. पण अभिमानासाठी सिद्ध न झालेल्या उड्डाणावर विसंबण्याची आपल्याला गरजच नाही. ५५ अश्वशक्तीचे एक इंजिन आहे, त्यामागे कष्टलेले अनाम धातुतज्ज्ञ आणि वेल्डर आहेत. त्यांची नावे कोणी शोधणार आहे का? एखाद्या विद्यार्थ्याने अहमदनगरला जाऊन निवृत्त तंत्रज्ञांच्या आठवणी नोंदवल्या, तर मराठीतील तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे एक कोरे पान भरेल.

३२/
तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात जुने विमान पाहाल, तर पंखांचे छायाचित्र घेऊन झाल्यावर खाली वाका. धूर कोठून निघत होता ते पाहा. पत्रा कोठे काळवंडला आहे, कोठे ठिगळ मारले आहे, नळी कोणत्या दिशेला वळवली आहे, हे टिपून घ्या. आपल्या गावातील एखादे जुने इंजिन, गिरणी, छापखाना किंवा बोट यांच्या धुराड्याची अशी काही हकिगत ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा. तारीख आणि कागद असेल तर दुधात साखर. धागा उपयोगी वाटला तर इतिहासवेड्या मित्रांपर्यंत पोहोचवा. इति.